अंकपाशापासून देवळालीपर्यंत

'लीलावती'च्या अखेरीस, अंकपाशाच्या प्रकरणात, भास्कराचार्य विचारतात : २ ते ९ हे आठ अंक एकेकदाच वापरून किती संख्या मांडता येतील आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? संख्या होतात ४०,३२०. बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६०.

ती करायला चाळीस हजार आकडे एकाखाली एक मांडावे लागत नाहीत. प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी ५,०४० वेळा येतो. आठ अंकांची बेरीज ४४, म्हणून एका स्थानाची बेरीज २,२१,७६०. हीच रक्कम एकेक घर डावीकडे सरकवत आठदा लिहायची आणि मिळवायची. म्हणजेच तिला १,११,११,१११ ने गुणायचे. ग्रंथ इसवी सन ११५० च्या सुमाराचा. त्यात व्याजाचे आणि धान्याच्या राशींचे हिशेब आहेत, पण या बेरजेचे बाजारात कोणाला काय काम?

तरी बाजारानेच ही विद्या पोसली. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी काढलेल्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिले. लेखाचा शेवट चक्क मराठीत आहे, आणि पेठेतल्या मालातून, तेलाच्या घाण्यातून मठाला काय पोचवायचे ते त्यात कोरले आहे. आमच्या मते महाराष्ट्राच्या गणिताच्या इतिहासात या घाण्याइतकी मोलाची नोंद दुसरी नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या वाट्याला असा घाणा आला नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. तोच आठ एकांचा आकडा त्यांच्याही हाती खेळला. त्याचा वर्ग १२३४५६७८७६५४३२१. अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो' म्हटले, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. त्यांची ६१७४ ची गंमत तर शाळेतल्या पोरालाही पाटीवर करून बघता येईल. पाटणचेच साल घ्या, १२०७. अंक उतरते मांडून त्यातून चढते वजा करा : ७२१० − ०१२७ = ७०८३. पुन्हा, ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा, ८५३२ − २३५८ = ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत इथे येते.

हे त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. आपल्याकडे त्याला करमणूक म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ होते. अंकपाशही करमणूकच होती, पण ती मठात शिकवायच्या ग्रंथात बसली. कापरेकरांची मास्तरकीच्या पगारावर चालली. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगभर नाव झाले. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते, आणि शाळा सुटून तेरा वर्षे झाली होती.