खिळखिळा शिपाई

गेल्या दिवाळीपूर्वीं माळा झाडतांना एका पत्र्याच्या डब्यांत आमच्या दादाच्या लहानपणचे दोन शिपाई सांपडले. हे पावणेचार इंच उंचीचे ‘जी. आय. जो’. अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें या उंचीचे शिपाई १९८२ सालीं काढले व पुढें आपल्याकडे ते फनस्कूल कंपनीनें आणले. उचलतांच दोघांचेही पाय कंबरेपासून निखळले. पुतण्याचा चेहरा उतरला. तो कष्टी होऊं नये म्हणून मीं लगबगीनें झटपट चिकटणारा गोंद आणला आणि एकाचे पाय धडास चिकटवून टाकले. शिपाई अखंड झाला खरा. पण आतां तो ना बसे, ना पाऊल टाकी. दादा कांहीं बोलला नाहीं. दुसरा शिपाई मात्र त्यानें उचलून आपल्याजवळ ठेवला.

त्या मौनानंतर मीं जें शिकलों, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों.

या शिपायाच्या पोटांत एक काळें रबरी कडें असतें; कारागीर त्यास ओ-रिंग म्हणतात. दोन्ही पायांच्या मधोमध धातूचा एक आंकडा असतो. कडें त्या आंकड्यांत अडकून, कंबरेच्या तुकड्यांतून वर जाऊन, धडांतील खुंटीवर ताणलेलें असतें. त्या ताणामुळेंच शिपाई उभाही राहतो आणि वळतोही. हवा व उष्णता यांनीं रबर वर्षानुवर्षें कडक होत जातें, त्यास तडे पडतात आणि एके दिवशीं तें तुटतें. म्हणजे शिपाई मोडलेला नसतो. कडें तेवढें जीर्ण झालेलें असतें.

उपाय सोपा आहे. पाठीवरचा एकच स्क्रू, त्याच्या खांचेंत नेमक्या बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरनें काढावा. धडाचे दोन भाग वेगळे करतांना हात व डोकें कसें बसलें आहे तें नीट पाहून ठेवावें. मग मूळच्याच व्यासाचें व जाडीचें नवें कडें घालावें. कडें फार लहान असल्यास ताणानें कंबरेचा तुकडाच मोडूं शकतो. फार मोठें असल्यास शिपाई डुलत राहतो. स्क्रू पुन्हां बसवितांना शेवटचा पीळ हलक्या हातानें द्यावा. जोर केल्यास प्लॅस्टिकमधील आटे जातात.

कांहीं खेळण्यांचे सांधे गोळा व वाटी अशा घडणीचे असतात. गोळा सहज बाहेर निघत असल्यास त्यावर लाकूड चिकटविण्याच्या पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यावा, एक दिवस पुरता वाळूं द्यावा, आणि मगच तो वाटींत बसवावा. या थरानें सांध्यांत घर्षण वाढतें. थर अधिक झाल्यास कोमट पाण्यांत भिजवून सोलतां येतो. झटपट गोंदाची चूक अशी सोलून काढतां येत नाहीं.

दिवाळी सरल्यावर मीं नवें कडें आणलें. शिपाई पुतण्यानें धरला, स्क्रू दादानें फिरविला; आणि थोड्याच वेळांत शिपाई गुडघे दुमडून पाटाच्या कडेवर बसला. चिकटविलेला शिपाई दिवाणखान्याच्या कोनाड्यांत ताठ उभा आहे. मी तो टाकावयास निघालों, तेव्हां दादा म्हणाला, “राहूं दे, पहारा देईल.” तेव्हांपासून घरांत कांहीं निखळलें, कीं गोंद शोधण्यापूर्वीं तें आजवर कशाच्या ताणावर उभें होतें, हें मी आधीं पाहतों.