स्वयंवादक पियानो : काय टिपले, काय निसटले?



वादक समोर नाही, तरी पियानोच्या पट्ट्या एकामागून एक खाली जातात आणि गाणे वाजू लागते. अशा स्वयंवादक अंकीय पियानोत गाणे 'ध्वनिमुद्रित' केलेले असते, असे आपण सहज म्हणतो. माझ्या मते हा शब्द येथे चुकीचा आहे, आणि ही चूक आपल्याला महाग पडू शकते.

ध्वनिमुद्रणात हवेच्या दाबातील चढउतार टिपले जातात. सीडीवर ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक मोजणीला २ बाइट आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या, तर सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्याला सुमारे ३ कोटी १७ लाख बाइट!

स्वयंवादक पियानो ध्वनी टिपतच नाही. तो आज्ञा टिपतो : कोणती पट्टी, केव्हा, किती वेगाने दाबली आणि केव्हा सोडली. १९८३ साली रूढ झालेल्या 'मिडी' या संकेतपद्धतीत पट्टीचा क्रमांक आणि दाबण्याचा वेग दोन्ही ० ते १२७ या आकड्यांत लिहितात. वेळेच्या नोंदीसह एका स्वराला ८ बाइट धरा. सेकंदाला १० स्वर वाजले, तरी तीन मिनिटांना १४,४०० बाइट पुरतात. सीडीच्या दोन हजारांशाहूनही कमी.

आपल्याकडे पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांतील बंदिशी स्वरलिपीत उतरवून छापल्या. स्वरलिपी म्हणजेही आज्ञाच. स्वयंवादक पियानो हा स्वरलिपीचा अचूक वाचक आहे, एवढेच.

त्याचा फायदा मोठा आहे. ध्वनिफीत निम्म्या वेगाने फिरवली, तर सूर एक सप्तक खाली उतरतो. येथे लय निम्मी केली, तरी सूर जागचा हलत नाही. डाव्या हाताचे स्वर वेगळे नोंदले असतील, तर ते बंद करून उजव्या हाताचे तेवढे ऐकता येतात. शिकणाऱ्याला असा सोशिक सोबती दुसरा मिळणार नाही.

पण जे आज्ञेत लिहिले नाही, ते निसटते. सा २४० हर्ट्झ धरला, तर तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० वर येतो. पियानोचा मात्र ३०२.४ वर. दोन स्वरांमधून घसरत जाणारी मींड तर पट्टीने निघतच नाही. मिडीत सूर वाकवण्याची आज्ञा आहे, पण पियानोची पट्टी दाबणारा हात ती देऊ शकत नाही. याच स्वरूपाच्या आक्षेपांवरून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती. ती १९७१ मध्ये शिथिल झाली.

तरीही पेटी टिकली. का? तिच्यामागे ऐकणारा माणूस होता म्हणून. आमच्या धाडसारख्या गावात भजन रंगले, की बुवा एखाद्या ओळीवर थांबतात, पेटीवालाही थांबतो. साठवलेल्या आज्ञा कोणासाठी थांबत नाहीत.

म्हणून माझे शिक्षकांना दोन आग्रह आहेत. शाळेत कीबोर्ड असेल, तर त्यातील साठवलेली गाणी अभ्यासाला जरूर वापरा. पण स्नेहसंमेलनात विद्यार्थ्याच्या जागी यंत्राला बसवू नका. दुसरे, गावातील वृद्ध भजनी गायकांच्या चाली जपायच्या असतील, तर त्या कीबोर्डवर वाजवून साठवण्यावर समाधान मानू नका. त्यांचा आवाजच ध्वनिमुद्रित करा. आवाजावरून स्वरलिपी केव्हाही लिहिता येईल. स्वरलिपीवरून तो आवाज परत मिळणार नाही.

आणि मित्रांनो, एक प्रयोग करा. गाणाऱ्या मित्राला तंबोऱ्यावर गंधार लावायला सांगा आणि त्याच वेळी कीबोर्डवर गंधाराची पट्टी दाबा. सूर स्थिर राहिला, तर आवाज सेकंदाला दोन-तीनदा लहानमोठा होताना ऐकू येईल. हेच विस्पंद! यंत्राच्या आणि गळ्याच्या गंधारातले अंतर तुम्हाला कानांनी मोजता येईल.