नजर नको, विचारपूस हवी

घरातलं मूल परदेशी शिकायला गेलं, की पहिले पंधरा दिवस आपले प्रश्न ठरलेले असतात. जेवलीस का? थंडी फार आहे का? शेजारी कोण राहतं? मूल मात्र भलतंच काहीतरी सांगत असतं. मला वाटतं, या पंधरा दिवसांतलं बोलणं आपण कान देऊन ऐकायला हवं. पुढे ते शहर त्यांच्या अंगवळणी पडतं. सुरुवातीला जे डोळ्यांत भरतं, ते बहुतेक वेळा आपल्याकडे न मिळालेलंच असतं.

माझी भाची सांगलीहून बर्लिनला पुढच्या शिक्षणासाठी गेली. ब्रांडेनबुर्ग गेट, संसदेचा काचेचा घुमट, सगळे फोटो आले. पण त्यावर ती फार बोललीच नाही. म्हणाली, ‘‘मावशी, इथं कोणी बघतच नाही गं!’’ भुयारी रेल्वेच्या स्टेशनात शिरताना फाटक नाही. तिकीट आपलं आपण काढायचं. तपासनीस कधीतरीच येतो, मात्र तिकीट नसेल तर ६० युरो दंड! शुक्रवारी-शनिवारी गाड्या रात्रभर चालू. रात्री अकराला मुलगी एकटी डब्यात पुस्तक उघडून बसते आणि समोरचा मान वर करत नाही. हॉटेलात बाई एकटीच कॉफी पीत बसली, तर वेटरला त्याचं नवल नाही.

तिथं सगळं सोन्याचं आहे असं मुळीच नाही. अंधाऱ्या गल्ल्या आणि दारुडे तिथंही आहेतच. पण दुसऱ्यावर नजर ठेवण्याची किंमत या शहरानं मोजलेली आहे. १९८९मध्ये भिंत पडेपर्यंत पूर्व बर्लिनमध्ये ‘श्टासी’ या गुप्त पोलीस खात्याचं राज्य होतं. कोण कुणाकडे आलं, काय बोललं, याच्या फायली तयार व्हायच्या. १९९२पासून लोकांना आपापल्या फायली बघता येऊ लागल्या. तेव्हा खबर देणाऱ्यांत कुणाचा शेजारी निघाला, कुणाचा मित्र, तर कुणाचा चक्क नवरा!

तिसऱ्या आठवड्यात भाचीला ताप आला. रविवार होता. तिथं रविवारी दुकानं बंद. औषधाचं दुकान पाळीनं एखादंच उघडं, तेही लांब. दोन दिवस कुणी दार वाजवलं नाही. फोनवर तेच वाक्य आलं, ‘‘इथं कोणी बघतच नाही गं.’’ या वेळी आवाज रडवेला होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतली एक इराणी मुलगी सूप घेऊन आली. तिनं ‘काय होतंय?’ एवढंच विचारलं. कुठे गेली होतीस, कुणाबरोबर गेली होतीस, हे नाही विचारलं.

मैत्रिणींनो, नजर आणि विचारपूस यांतला फरक तो हाच. आणि आपण तर दोन्हींची पार गल्लत करून ठेवली आहे.

आमच्या मंडळात जत-आटपाडीकडून सांगलीला कॉलेजसाठी आलेल्या मुली येतात. त्यांच्या दृष्टीनं सांगली हेच परकं शहर. पहिले दिवस कसे गेले विचारलं, तर बहुतेक जणींचं उत्तर एकच, ‘‘सगळे बघतात.’’ वसतिगृहाचं दार संध्याकाळी सातला बंद. अभ्यासिका नऊपर्यंत उघडी असली, तरी तिचा मुलींना उपयोग काय? एसटी स्टँडवर एखादी वर्गातल्या मुलाशी बोलताना दिसली, की गावाकडे काकांना फोन जातो. पण तीच मुलगी तीन दिवस डबा तसाच परत पाठवते, तेव्हा फोन करणारं कुणी नसतं. परीक्षेच्या भीतीनं ती रात्र रात्र जागते, तेही कुणाच्या लक्षात येत नाही. एवढे डोळे असून उपयोग काय?

इरावती कर्वे याच बर्लिनमध्ये शिकल्या, १९३० साली पीएच.डी. झाल्या. तेव्हा बोटीनं जाणाऱ्या पत्राला आठवडे लागायचे. पुण्यात बसून त्यांच्यावर नजर ठेवणं कुणाला शक्यच नव्हतं. आज मुलगी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, तरी मोबाइलवर तिचा ठिपका हललेला दिसतो. ठिपका हलला की आपला जीव भांड्यात पडतो. पण ती हसते आहे की रडते आहे, हे ठिपका सांगत नाही. त्यासाठी बोलावंच लागतं.

काळजी सोडा असं मी म्हणत नाही. रस्त्यावर दिवे हवेत, रात्रीची बस हवी, स्वच्छ स्वच्छतागृहं हवीत. त्यासाठी नगरसेवकाच्या दारात चार बायकांनी मिळून जायला हवं. वसतिगृहाच्या दाराची वेळ अभ्यासिकेच्या वेळेशी जुळवून घेता येते. घरमालकीणबाईंना आठवड्यातून एकदा दार वाजवून, ‘बरी आहेस ना?’ विचारता येतं. याला पैसा लागत नाही.

आणि आयांनो, आज रात्री फोनवर ‘कुठे आहेस?’ याऐवजी ‘कशी आहेस?’ असं विचारून बघा. मग थोडा वेळ आपण गप्प बसायचं. मुली पुष्कळ काही सांगतात.