ओझ्याची चाल

परवा दीपनगरच्या आमच्या घरी नातीने संगणकावर स्वतः केलेले ॲनिमेशन दाखवले. एक मजूर केळीचा घड खांद्यावर घेऊन चालला होता. चेहरा सुबक, हालचाल सफाईदार. पण घड जणू कापसाचा!

“आजोबा, काय चुकलं?”

मी तिला सावद्याच्या वाटेवर ट्रक भरणाऱ्या मजुरांकडे नेले. घड उचलण्याआधी गुडघे वाकतात. उजव्या खांद्यावर भार आला की अंग डावीकडे कलते, मोकळा हात तोल सांभाळतो, पाऊल आखूड पडते. सेकंदाला २४ चित्रे काढली, तरी हे आधी डोळ्यांनी टिपावे लागते. बँकेत असताना कर्ज मागायला आलेला कोण आणि फेडायला आलेला कोण, हे मला दारातल्या चालीवरूनच कळे.

युगो साको आणि राम मोहन यांच्या १९९२च्या भारत-जपान रामायणपटाच्या वेळी धोतर कसे नेसतात, मुले थोरांचे आशीर्वाद कसे घेतात, हे आपल्या चित्रकारांनी जपानी चित्रकारांना समजावले. त्यांचे हात कुशलच होते. पण शरीराच्या सवयी ज्या त्या मातीच्या असतात.

आज संगणकात तयार चाली मिळतात. त्या जरूर वापराव्यात. पण सगळीच माणसे उसन्या चालीने चालू लागली, तर आमच्या मजुराचे कष्ट पडद्यावर दिसणारच नाहीत. मुलांना संगणक द्या, पण त्याआधी त्यांना बाजारात न्या.

नातीने चित्र पुन्हा केले. आता घड जड झाला आहे.