माती ती मातीच?

गेल्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका कलामेळ्यात मी बागेत ठेवायची मातीची कासवे मांडून बसलो होतो. एक सद्गृहस्थ उद्गारले, "मातीला का कुणी दोन हजार रुपये देतो?"

नका देऊ! प्लास्टरचे कासव खुशाल न्या; दोन पावसाळ्यांत त्याची मान गळेल. माझे कासव आतून पोकळ करून, सावलीत आठवडेच्या आठवडे वाळवून भट्टीत जाते. ओल राहिली की तिथेच फुटते, आणि ते नुकसान कुणी गिऱ्हाईक भरून देत नाही! नीट निवडलेली माती १२०० अंशांवर भाजली, की मग पाण्याला दाद देत नाही.

हेच गृहस्थ शेजारच्या मांडवातले छापील चित्र सांगितल्या किमतीला मुकाट्याने घेऊन गेले. माझ्याकडे घासाघीस, वर 'दिवाळीला होईल' म्हणून पणती फुकट मागितली. मी दिली नाही.