यंत्राला शिव्या देऊ नका, मालकीचा प्रश्न विचारा

भिवंडीच्या गोदामांत यंत्रं येऊ लागली की आपलेच कार्यकर्ते म्हणतात, हमालाची भाकरी गेली. भीती खरी आहे. पण १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी दोष यंत्राला दिला नव्हता. यंत्राचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेला दिला होता. पन्नास किलोचं पोतं पाठीवर वाहण्यात कसला आलाय श्रमाचा गौरव? ते काम यंत्रानं खुशाल करावं.

मात्र १९६९च्या माथाडी कायद्यानं हमालाला नोंदणी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. यंत्राच्या नावाखाली तो हक्क जाता कामा नये. स्कॅनर आणि कन्व्हेयर चालवायचं प्रशिक्षण आधी त्याच हमालाला द्या, ही आपली मागणी हवी.

आपल्यातल्या छोट्या उत्पादकांना, वितरकांनाही सांगणं आहे. मोठ्यांचं बघून कर्ज काढून रोबोट घेऊ नका. आधी रॅकला क्रमांक द्या, मालाला बारकोड लावा, साठा रोज मोजा. माल कुठे अडतो ते कळलं, की तेवढ्यापुरतंच यंत्र घ्या. आणि ते चालवायला पहिला माणूस जुनाच ठेवा. मालक झालेला आपला माणूसही कामगाराशी मालकासारखाच वागला, तर बदललं काय?

जय भीम!