जुन्या गाडीला दुसरे इंजिन

गोदाकाठच्या बासरहून एका वाचक कुटुंबाने आम्हास विचारले आहे. घरच्या जुन्या पेट्रोल अॅम्बॅसेडरचे इंजिन तडकले असून ते दुरुस्त होण्याजोगे नाही. थोरल्या मुलास यंत्रकामाचे चांगले ज्ञान आहे, अंगणात जागाही आहे. तेव्हा दुसरे इंजिन घरीच बसवावे काय? आणि ‘एवढा खटाटोप करताच आहात तर डिझेलचेच बसवा’ हा शेजाऱ्यांचा सल्ला ऐकावा काय? गाडी मोडीत द्यावयाची नाही, कारण आजीबाईंना निजामाबादच्या दवाखान्यात न्यावयाचे ते तिच्यातूनच.

पहिल्या प्रश्नास आमचे उत्तर ‘होय’ आहे, दुसऱ्यास ‘नाही’.

शेजाऱ्यांचा सल्ला कोठून येतो हे आम्ही जाणतो. या गाडीने आपल्या आयुष्यात अनेक इंजिने पाहिली. १९५७ साली बंगालमधील उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून ती घडवली. थोड्याच वर्षांत पहिले इंजिन जाऊन १४८९ सी.सी.चे आले, १९८० च्या सुमारास डिझेल आले, पुढे नव्वदीच्या आरंभी जपानच्या इसुझूचे १८०० सी.सी.चे आले. २०१४ साली कारखाना थांबेपर्यंत पत्र्याचा घाट मात्र जवळजवळ तोच राहिला. त्यामुळे अॅम्बॅसेडरच्या पोटात काहीही मावते, असा समज रूढ झाला. मावते हे खरे. परंतु कारखान्याने इसुझूचे इंजिन घातले तेव्हा त्यासोबत पाच गतींचा गिअरबॉक्सही दिला, ही गोष्ट सल्ला देणारे विसरतात.

इंजिन कधी एकटे नसते. जुन्या १४८९ चे बळ सुमारे पन्नास अश्वशक्ती, आणि चारही चाकांचे ड्रम ब्रेक त्याच बेताने केलेले. परके डिझेल इंजिन बहुधा अधिक जड असते. ते घातले की पुढचे टॉर्शन बार दबतात, इंजिन ज्यावर टेकते ते पाय नव्याने वेल्डिंग करावे लागतात, प्रोपेलर शाफ्ट कापून जोडावा लागतो, आणि नीट न तोललेला शाफ्ट वेगात थरथरू लागतो. रेडिएटरही अपुरा पडतो. यातील एकेक काम कुशल कारागीर करू शकेल. परंतु सगळे मिळून गाडी थांबेल किती अंतरात, हे अंगणात मोजता येत नाही. म्हणून त्याच जातीचे, १४८९ चेच इंजिन आणावे.

कायदाही हेच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. त्याच जातीचे इंजिन घालावयाचे तरी आपण राहता त्या हद्दीच्या परिवहन कचेरीत आधी विचारावे, आणि काम झाल्यावर चौदा दिवसांच्या आत आर.सी. बुकावर नवा क्रमांक चढवून घ्यावा. विमा कंपनीसही लेखी कळवावे. अपघात झाल्यावर क्रमांक जुळला नाही, तर भरपाईच्या वेळी तोच वादाचा मुद्दा होतो आणि घर उघडे पडते.

आमच्या सीमेवरच्या कुटुंबांस आणखी एक अडचण असते. १९५६ पर्यंत बासर आणि धर्माबाद एकाच हैदराबाद संस्थानात होती. आज मध्ये राज्याची सीमा आहे. गाडी नांदेडची आणि घर बासरला असे असेल, तर बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीस तेथील नोंदणी घ्यावी लागते. ते आधी निस्तरावे; नाहीतर इंजिनाचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावा येथूनच घोळ.

इंजिन घेताना पावती, आणि ज्या गाडीतून ते काढले तिची कागदपत्रे मागावीत. मेरठच्या सोतीगंजात चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग वर्षानुवर्षे विकले जात. २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. तसला माल आपल्याकडे येणारच नाही असे कोणी समजू नये. ब्लॉकवरचा क्रमांक घासलेला दिसला, तर किंमत कितीही कमी असो, परत फिरावे.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम बॅटरी सोडावी. पाणी व तेल काढून घ्यावे. प्रत्येक वायरीस चिंधी बांधून तीवर खूण लिहावी. कडुलिंबाच्या फांदीला चेन-कप्पी अडकवून इंजिन उपसण्याची आपल्याकडील रीत आम्हास मुळीच पसंत नाही. फांदी सांगून मोडत नाही. लोखंडी नळांची तीन पायांची घोडी भाड्याने आणावी, आणि इंजिन लोंबकळत असता कोणीही, एक हातसुद्धा, त्याखाली घालू नये. लहान मुलांस त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नये. गिअरबॉक्सखाली जॅक असावा. जोडताना क्लचप्लेट जुन्या शाफ्टच्या तुकड्याने मध्यावर आणावी आणि इंजिन हाताने सरकवत बसवावे. बोल्ट आवळून ते ओढू नये, आणि त्याचा भार त्या शाफ्टवर क्षणभरही पडू देऊ नये, कारण प्लेट तेथेच वाकते. पेट्रोलच्या रबरी नळ्या याच वेळी बदलाव्यात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व जुने रबर त्याने खराब होते.

सुरू करण्यापूर्वी प्लग काढून इंजिन नुसते फिरवावे, तेलाचा दाब येईपर्यंत. मग प्लग लावावेत. पहिल्या दिवशी आजीबाईंना बसवू नये. पाने-हातोडी व पाण्याचा डबा घेऊन दोघा भावांनी धर्माबादच्या बाजारापर्यंत हळू जाऊन यावे, आणि परतल्यावर गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून सकाळी त्यावर काय ठिबकले ते पाहावे.